सॉफ्टवेअरच्या अवशिष्ट फाइली

संगणकावरून एखादे सॉफ्टवेअर काढून टाकल्यानंतरही साठवणीत मागे राहणाऱ्या फाइलींना अवशिष्ट फाइली म्हणतात. त्या का उरतात व त्यांपैकी कोणत्या पुसाव्यात, हे १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या परिचालन प्रणालीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

डेबियनमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपाने बसवितात. ‘डीपीकेजी’ हा कार्यक्रम प्रत्येक पॅकेजमधील फाइलींची सूची जतन करतो. ‘रिमूव्ह’ आज्ञेने या फाइली पुसल्या जातात. मात्र ‘ईटीसी’ निर्देशिकेतील मांडणीविषयक फाइली राखल्या जातात. त्यांत प्रशासकाने स्वतः केलेले बदल असू शकतात व पॅकेज पुन्हा बसविल्यास ते उपयोगी पडतात, हे यामागील कारण होय. अशा पॅकेजच्या नोंदीपुढे ‘आरसी’ ही अक्षरे दिसतात. ‘पर्ज’ आज्ञेने या फाइलीही नष्ट होतात.

उतरवून घेतलेल्या पॅकेजांच्या प्रती ‘क्लीन’ आज्ञेने, तर केवळ अन्य पॅकेजसाठी आपोआप बसविलेली व आता अनावश्यक ठरलेली पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञेने काढता येतात. मांडणीविषयक फाइली बहुधा लहान असल्याने साठवणीतील जागा मुख्यतः या दोन आज्ञांनीच मोकळी होते. वापरकर्त्याच्या ‘होम’ निर्देशिकेतील, बिंदूने सुरू होणाऱ्या नावांच्या लपलेल्या फाइलींना मात्र पर्ज आज्ञाही हात लावत नाही. त्या वापरकर्त्याच्या मालकीच्या समजल्या जातात.

काही पॅकेजांच्या बाबतीत पर्जमुळे माहितीही नाहीशी होऊ शकते. उदा., पोस्टग्रेसक्यूएल या माहितीसंच व्यवस्थापकाचे पॅकेज पर्ज करताना माहितीच्या निर्देशिका काढाव्यात काय, अशी विचारणा होते. घाईने होकार दिल्यास वर्षानुवर्षांच्या नोंदी क्षणात नष्ट होतात. म्हणून आधी माहितीची प्रत दुसरीकडे ठेवणे आवश्यक असते.

हाताने फाइल पुसण्यापूर्वी ती कोणत्या पॅकेजची आहे, हे डीपीकेजीकडून तपासता येते. तथापि कार्यक्रम चालू असताना निर्माण झालेल्या फाइली या सूचीत नसतात. त्यामुळे सूचीत नाव नसणे हा फाइल निरुपयोगी असल्याचा पुरावा ठरत नाही.