हरण्याच्या वाढदिवसांचा मागोवा

सन 2012 च्या संक्रांतीच्या आठवड्यात जत तालुक्यातील एका धनगर कुटुंबाकडून हरण्या आमच्या पुण्याच्या घरी आला. त्याची जन्मतिथी कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसल्यामुळे आगमनाचा दिवस हाच त्याचा वाढदिवस ठरला, आणि त्या दिवशी सकाळी त्याला घेऊन वेताळ टेकडी चढण्याचा जो शिरस्ता पुढच्या वर्षी पडला तो या 2025 च्या जानेवारीपर्यंत अखंड चालत आला आहे.

हरण्या कारवानी जातीचा. मुधोळ संस्थानाच्या घोरपडे राजघराण्याने या जातीला आश्रय दिल्यामुळे तिला मुधोळ हाउंड म्हणतात, आणि 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली त्यांत तिचाही समावेश होता. ही जात डोळ्यांनी शिकार करणारी: खोल छाती, खपाटीला गेलेले पोट, आणि भरधाव धावताना प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटावेत इतका लवचिक कणा. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत, म्हणून तेथे दोर माझ्या हातून कधी सुटला नाही. धावण्याची त्याची हौस जतकडील आमच्या पडीक रानात भागत असे. परंतु पंचवटीच्या वाटेने पठारावर पोहोचताच तो मान उंचावून दूरच्या गवतातील हालचालीवर दृष्टी खिळवून जो उभा राही, त्या क्षणी त्याच्या अंगाला फुटणारा थरथराट दोरातून माझ्या मनगटापर्यंत येई. त्या वर्षांत आम्ही वेताळाचे देऊळ आणि खाण अशी सारी परिक्रमा करून परत येत असू. वाटेत काय होते, हे मला आज फारसे आठवत नाही.

2020 च्या सुमारास उतारावर त्याचे पाऊल अडखळू लागले, कारण उतरताना शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो आणि तेथील सांधे झिजू लागले होते. डोळ्यांवर निळसर झाक आली. तो मोतीबिंदू असावा या शंकेने मी पशुवैद्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की वयोमानाने भिंगाचा गाभा घट्ट होत जातो त्याची ही छटा आहे, दृष्टी त्याने जात नाही, मात्र मंद उजेडात आणि जवळच्या वस्तूंच्या बाबतीत ती पूर्वीसारखी राहत नाही. तेव्हापासून आम्ही उन्हे नीट वर आल्यावर निघू लागलो. अंगावर चरबी नसलेल्या या जातीला थंडी फार बाधते, म्हणून पाठीवर लोकरीची झूलही आली.

आणि मग जे घडले ते मला या सर्व वर्षांतील सर्वांत मोलाचे वाटते. ज्याने आयुष्यभर क्षितिजाकडे पाहिले, त्याने नाक जमिनीला लावले. कुत्रा हुंगतो तेव्हा आत घेतलेल्या हवेचा एक वेगळा प्रवाह गंधग्राही पटलाकडे वळतो, आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून बाहेर पडत असल्यामुळे समोरचा वास उधळून जात नाही. ही व्यवस्था हरण्यापाशी पहिल्यापासून होती, पण तारुण्यात तिचा उपयोग करण्याइतकी उसंत त्याला नव्हती. आता गिरिपुष्पाच्या एकेका बुंध्यापाशी तो सावकाश थांबे. रात्री मुंगूस जेथून गेले असावे तेथून परतून पुन्हा पहिल्या खुणेपर्यंत येई. मोरांनी मातीत लोळून केलेल्या खळग्यांची तपशीलवार पाहणी करी. त्याच्यासाठी थांबावे लागले म्हणून मी पाहू लागलो: पर्णहीन फांद्यांवर नुकताच उमलू लागलेला गुलाबी बहर, शेपटी थरथरवीत काळ्या कातळावर बसलेला थिरथिरा, हिवाळ्याचा पाहुणा. वाळलेल्या गवतातील कुसळे त्याच्या बोटांच्या बेचक्यांत रुततात, म्हणून प्रत्येक मुक्कामी मी त्याचे पंजे तपासतो, आणि तोही आता विश्वासाने पंजा पुढे करतो.

वाढदिवसाचे जेवण साधेच असते: मीठ न घातलेली बाजरीची भाकरी आणि उकडलेले अंडे. घरातील मुले लाडाने शिऱ्यातील बेदाणे किंवा चॉकलेट पुढे करतात, पण हे दोन्ही पदार्थ कुत्र्याला विषासमान असल्याने त्यांना तेथे सक्त मनाई आहे.

यंदा आम्ही पहिल्या वळणापुढे गेलो नाही. तेवढ्याला एक तासाहून अधिक वेळ लागला, आणि त्यातील बराचसा एका पळसाच्या बुडाशी गेला. देवळापर्यंत जाऊन आलेल्या कोणत्याही वर्षापेक्षा हा वाढदिवस मी श्रेष्ठ मानतो. ज्यांच्या घरी कुत्रे वृद्ध झाले आहे त्यांनी त्याचे फिरणे बंद करू नये, अंतर कमी करावे. दोर सैल धरावा आणि तो जेथे थांबेल तेथे त्याचे हुंगणे पुरे होईपर्यंत थांबावे.