खरबुजाची गोडी केव्हा ठरते?

उन्हाळ्याचे दिवस आले, की आदिलाबादच्या बाजारात खरबुजांचे ढीग लागतात. त्यांच्या वासाने गिऱ्हाईक थबकते. पण पलीकडच्या टोपलीतील पिवळ्याधमक दोसकायाला तसा सुवास नसतो. तेलुगू घरांत त्याची डाळ होते, लोणचे होते. साखर लावून ते कोणी खात नाही. मराठी व तेलुगू या दोन भाषा या सीमेवरील जिल्ह्यात जशा शेजारी नांदतात, तशीच ही दोन फळे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर ती सख्खी भावंडेच होत. दोन्ही एकाच जातीची. आपले चिबूड आणि शेंदाडही त्याच गोतातले. मग एकाच्या वाट्याला साखर आणि दुसऱ्याच्या वाट्याला आंबटपणा, हा भेद कोठून आला?

याचे उत्तर बियांतून आलेल्या जनुकांत आहे. 2012 साली स्पेनमधील शास्त्रज्ञांनी खरबुजाच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध केले. त्याच्या 12 गुणसूत्रांवर सुमारे 27 हजार जनुके आढळली. परंतु जनुक असणे ही एक गोष्ट आणि त्याने काम करणे ही दुसरी. घरात दिवे पुष्कळ असतात. उजेड पडतो तो जे लावले असतील त्यांचाच. फळातही कोणते जनुक केव्हा जागे होते व केव्हा निजते, यावर सारे अवलंबून असते.

साखरेचा उगम फळात नसून पानांत असतो. पाने उन्हाच्या साहाय्याने साखर तयार करतात. काकडीच्या कुळातील वेली ती रॅफिनोज व स्टॅकिओज या जोडसाखरांच्या रूपाने देठावाटे फळाकडे पाठवितात. तेथे विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्या फोडतात. फळ कोवळे असताना इन्व्हर्टेज नावाचे विकर जोरात असते. आलेली साखर ते फोडते आणि ती फळाच्या वाढीत खर्ची पडते. या अवस्थेत खरबूज म्हणजे मिळकतीइतकाच खर्च करणारा संसार. शिल्लक काही नाही.

फळ पुरेसे मोठे झाले, की पालट होतो. इन्व्हर्टेजची जनुके मंदावतात आणि सुक्रोज, म्हणजे उसात असते तीच साखर, जुळविणाऱ्या विकराचे काम वाढते. ही साखर पेशींच्या पोकळ कोठारांत नेऊन भरणारी प्रथिनेही सज्ज होतात. मग तोडणीपूर्वीच्या शेवटच्या 10 ते 15 दिवसांत गोडी झपाट्याने चढते. ज्या वाणांत हा पालट नीट घडत नाही, त्यांत साखरेची शिल्लक पडत नाही. आंबटपणाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असल्याचे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्या जनुकातील एका लहानशा बदलाने गराची आंबटाई गेली आणि गोडीला वाव मिळाला.

आता व्यवहाराचा प्रश्न. आंबा अढीत पिकतो, केळे घडावरून उतरवल्यावर गोड होते; खरबूज का होऊ नये? हिरव्या केळ्यात पिष्टाचा मोठा साठा असतो व पिकताना त्याची साखर होते. खरबुजाजवळ असा साठाच नसतो. वेलीशी असलेला देठ तुटला, की साखरेचा ओघ थांबला. पुढे फळ मऊ होईल, त्याला वास सुटेल, रंगही येईल. पण गोडी वाढणार नाही.

फ्रान्समध्ये झालेल्या व 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हे फार सुंदर रीतीने दाखविले. फळ पिकविणारा इथिलीन वायू बनविणारे जनुक तेथील शास्त्रज्ञांनी खरबुजात दाबून टाकले. फळाची साल पिवळी झाली नाही, गर मऊ पडला नाही, देठही सुटला नाही. साखर मात्र साठतच राहिली. फळ वेलीवर अधिक काळ टिकल्यामुळे ती उलट अधिक साठली. म्हणजे वास व मऊपणा यांचा कारभार एकाकडे आणि गोडीचा दुसऱ्याकडे. नुसता वास पाहून फळ घेणारा म्हणूनच कधी कधी फसतो.

यातून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध सरळ आहे. चांगले बी हे भांडवल खरे. पण ते जनुकांचे भांडवल फळास येते ते पानांच्या कमाईवर. भुरी किंवा केवडा रोगाने पाने गेली, अथवा एका वेलीवर फळांची गर्दी झाली, तर उत्तम वाणाचे फळही फिके निघते. शेवटच्या दिवसांत पाण्याचा मारा झाला, तर असलेली गोडीही पातळ होते. आणि भाव चढा आहे म्हणून आठवडाभर आधी फळ तोडले, तर सारे जमून आलेले असताना साखरेचे दारच बंद होते. वजन तेव्हाही जवळजवळ पुरे भरते. म्हणूनच हा मोह मोठा. पण पुन्हा येणारे गिऱ्हाईक वजनाने जोडले जात नाही.

बहुतेक जाळीदार खरबुजांत देठाभोवती बारीक चीर पडते आणि हलक्या हाताने फळ सुटून येते. वेलीने हिशेब पुरा केल्याची ती खूण होय. तोवर धीर धरणाऱ्याच्याच ढिगात खरी गोडी असते.