रोमंथिकेतील सूक्ष्मजंतू : अभ्यासपद्धती

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या (उदा., गाय, म्हैस, शेळी, मेंढी) जठराच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्याला रोमंथिका म्हणतात. गवत, कडबा यांतील सेल्युलोजाचे विघटन करणारी एंझाइमे या प्राण्यांच्या शरीरात तयार होत नाहीत. ते कार्य रोमंथिकेतील सूक्ष्मजंतू, प्रजीव (प्रोटोझोआ) व कवक (बुरशी) करतात. या किण्वनातून (आंबण्याच्या क्रियेतून) निर्माण होणारी ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही अम्ले प्राण्याच्या ऊर्जेचा प्रमुख स्रोत होत, तर पुढील कप्प्यांत व आतड्यात पचले जाणारे सूक्ष्मजीव त्याला प्रथिने पुरवितात. किण्वनाच्या ओघात मिथेन वायूही तयार होतो व ढेकरेवाटे बाहेर पडतो. खाद्यातील एकूण ऊर्जेपैकी सु. २ ते १२% ऊर्जा अशा रीतीने वाया जाते. शिवाय वातावरणाचे तापमान वाढविणाऱ्या वायूंत मिथेनाची गणना होते. त्यामुळे या सूक्ष्मजीवसृष्टीच्या अभ्यासाला पशुसंवर्धनात मोठे महत्त्व आहे.

रोमंथिकेचे तापमान सु. ३९° से. असून तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथील रसाच्या १ मिलि. मध्ये सु. १० ते १०० अब्ज सूक्ष्मजंतू असतात. ही परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण करणे कठीण असल्याने या विषयाची प्रगती बव्हंशी अभ्यासपद्धतींच्या प्रगतीवर अवलंबून राहिली आहे.

नमुना घेणे : ग्रूबी व दलाफाँ यांनी १८४३ मध्ये रोमंथिकेतील प्रजीवांचे वर्णन केले. प्रजीव आकाराने मोठे व चपळ असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ते दिसत. जिवंत जनावराच्या रोमंथिकेतून वारंवार नमुने मिळविण्यासाठी त्याच्या डाव्या कुशीत शस्त्रक्रियेने छिद्र करून त्यात झाकण असलेली रबराची वा प्लॅस्टिकची नळी कायमची बसवितात. असे जनावर अनेक वर्षे निरोगी राहू शकते. शस्त्रक्रिया टाळावयाची असल्यास तोंडावाटे नळी घालून रस काढतात. मात्र त्यात लाळ मिसळण्याचा संभव असतो. बहुसंख्य सूक्ष्मजंतू वैरणीच्या तंतूंना चिकटलेले असतात, म्हणून केवळ रसावरून काढलेले निष्कर्ष अपुरे ठरतात. नमुना उष्णतारोधक बाटलीत ऊबदार ठेवून त्वरित प्रयोगशाळेत नेणे आवश्यक असते.

अवायुजीवी संवर्धन : ऑक्सिजनाच्या अल्प संपर्कानेही यांतील अनेक सूक्ष्मजंतू मरतात. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट (१९०६–२००४) यांनी या अडचणीवर मात करणारी पद्धती विकसित केली. तापविलेल्या तांब्यावरून नेऊन ऑक्सिजनमुक्त केलेला कार्बन डाय-ऑक्साइड नळीत सतत सोडीत तीत आगरयुक्त पातळ पोषकद्रव्य भरतात, त्यात नमुन्याचा विरल केलेला अंश मिसळतात, रबरी बूच लावतात व नळी आडवी धरून थंड पाण्यात फिरवितात. पोषकद्रव्य नळीच्या आतील भिंतीवर पातळ थराच्या स्वरूपात गोठते आणि त्यात सूक्ष्मजंतूंच्या अलग अलग वसाहती वाढतात. सिस्टीन किंवा सल्फाइड घालून उरलासुरला ऑक्सिजन नष्ट करतात. रिझाझुरीन हे रंजकद्रव्य गुलाबी झाले, तर ऑक्सिजन शिरल्याचे समजते. अमेरिकेतील ब्रायंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोषकद्रव्यात रोमंथिकेचा निर्जंतुक केलेला रस वापरून अनेक नव्या जाती वाढविल्या. काही सेल्युलोजविघटक जातींना शाखायुक्त वसाम्ले लागतात, हे या कामातून कळले. तथापि, वाढलेल्या वसाहतींची संख्या सूक्ष्मदर्शकाने मोजलेल्या संख्येपेक्षा नेहमीच बरीच कमी भरते.

दिसणारा जीव ओळखण्यातही चूक होऊ शकते. मेंढ्यांच्या रोमंथिकेतील काही शेपटीधारी पेशी दीर्घकाळ प्रजीव समजल्या जात. त्या वस्तुतः अवायुजीवी कवकाचे चल बीजुक आहेत, असे इंग्लंडमधील कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये दाखविले. तोपर्यंत सर्व कवकांना ऑक्सिजन लागतो, असा सार्वत्रिक समज होता.

कृत्रिम किण्वन : सूक्ष्मजंतू वेगळे न करता त्यांचे एकत्रित कार्य मोजण्याच्याही पद्धती आहेत. टिली व टेरी यांच्या पद्धतीत (१९६३) वैरणीचा नमुना रोमंथिकेच्या रसात ४८ तास व नंतर अम्लयुक्त पेप्सिनात ४८ तास ठेवून पचलेला भाग काढतात. जर्मनीत मेंके व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये काचेच्या मोठ्या पिचकारीत सु. २०० मिग्रॅ. खाद्य व रस ठेवून २४ तासांत निर्माण होणारा वायू मोजण्याची पद्धती प्रचारात आणली. कडबा, उसाचे वाढे, पेंड इत्यादींची तुलना करण्यास ती सोयीची आहे. नायलॉनच्या सच्छिद्र पिशवीत वैरण भरून ती रोमंथिकेतच ठेवणे, ही पद्धतीही रूढ आहे. या पद्धतींनी ‘किती पचले’ ते कळते. ‘कोणी पचविले’ ते मात्र कळत नाही.

आनुवंशिक द्रव्यावर आधारित पद्धती : कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये रिबोसोमातील आरएनएच्या रचनेवरून सूक्ष्मजीवांचे नातेसंबंध ठरविले. मिथेन निर्माण करणारे जीव सूक्ष्मजंतूंहून भिन्न अशा आर्किया या गटात मोडतात, हे त्यातून निष्पन्न झाले. त्यानंतर संवर्धन न करताही नमुन्यातील डीएनए वेगळे करून त्यातील जाती ओळखणे शक्य झाले. गाईच्या रोमंथिकेत ठेवलेल्या गवताला चिकटलेल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएच्या २०११ मधील अभ्यासात कर्बोदकांवर क्रिया करणारी २७,७५५ संभाव्य जीने आढळली. मात्र जीन आढळले म्हणजे ते कार्यरत आहे असे नव्हे; म्हणून संवर्धनाची गरज संपलेली नाही. हंगेट यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात संवर्धित जातींच्या जीनसंचांचा संग्रह २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुबाभळीचे उदाहरण : सुबाभूळ हा प्रथिनयुक्त चारावृक्ष असून उरुळीकांचन (जि. पुणे) येथील भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनने त्याचा पुष्कळ प्रसार केला. त्याच्या पानांत मिमोसीन हे विषारी ॲमिनो अम्ल असते. रोमंथिकेत त्यापासून गलगंड निर्माण करणारे दुसरे द्रव्य तयार होते. ऑस्ट्रेलियात हा पाला अधिक खाणाऱ्या जनावरांचे केस गळत, वजन घटे व गलगंड होई. हवाईतील शेळ्यांना मात्र अपाय होत नसे. हा फरक रोमंथिकेतील सूक्ष्मजंतूंमुळे असावा, असे रेमंड जोन्स यांनी १९८१ मध्ये मांडले. पुढे हवाईतील शेळ्यांच्या रोमंथिकेतील सूक्ष्मजंतू ऑस्ट्रेलियातील जनावरांना दिले असता त्यांची विषबाधा टळली. हे कार्य करणाऱ्या सूक्ष्मजंतूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळाले. तो शर्करेवर वाढत नाही. त्यामुळे शर्करायुक्त नेहमीच्या पोषकद्रव्यांत तो सापडणे शक्य नव्हते. पुढे डीएनए शोधणाऱ्या संवेदनक्षम पद्धतींनी तो इतर अनेक देशांतील जनावरांतही अल्प प्रमाणात आढळला. यावरून केवळ अस्तित्व पुरेसे नसून संख्या व क्रियाशीलता यांवरच जनावराचे संरक्षण अवलंबून असते, असे दिसते.

प्रत्येक पद्धती या सृष्टीचा एकेकच भाग दाखविते. मिथेन कमी करण्यासाठी किंवा निकृष्ट वैरणीची पचनीयता वाढविण्यासाठी एखादे द्रव्य वा सूक्ष्मजंतू सुचविला गेल्यास त्याची परीक्षा संवर्धन, कृत्रिम किण्वन व डीएनए या तिन्ही मार्गांनी आणि शेवटी प्रत्यक्ष जनावरावर दीर्घकाळ होणे आवश्यक आहे. पिचकारीत दिसलेला परिणाम जनावरात टिकतोच असे नाही. कारण सूक्ष्मजीवसमूह कालांतराने नव्या द्रव्याशी जुळवून घेऊ शकतो.