नागरमोथ्यापासून शिराझपर्यंत: वाइनमधील गंधरेणूंच्या शोधाचा मागोवा

वाइनमध्ये साधारण ८५ टक्के पाणी आणि १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. उरलेल्या थोड्या भागात आम्ले, ग्लिसरॉल, शर्करेचा अंश, रंगद्रव्ये आणि टॅनिने येतात. वास देणाऱ्या संयुगांचे वजन या सर्वांपुढे किरकोळ भरते: लिटरमागे एखाद्या ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा किण्वनात तयार होणाऱ्या जड अल्कोहोलांचा. तरीही एका द्राक्षजातीची वाइन दुसरीहून वेगळी ओळखू येते ती मुख्यतः या संयुगांमुळेच. आजवर अशी आठशेहून अधिक बाष्पनशील संयुगे वाइनमध्ये नोंदली गेली आहेत. काही द्राक्षाच्या सालीतून आणि गरातून येतात, काही यीस्ट तयार करते, तर काही ओकच्या पिंपातून किंवा बाटलीतल्या मुरण्यातून येतात.

यांपैकी अनेक महत्त्वाच्या रेणूंचा पहिला शोध वाइनमध्ये लागलेला नाही. ते आधी फुलांच्या तेलात, भाजीत, फळात किंवा शेतातल्या तणात सापडले. वाइनमध्ये ते नंतर ओळखले गेले. या इतिहासातले काही टप्पे महाराष्ट्रातले आहेत. मुलुंडचा सुगंध उद्योग, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नाशिकचे द्राक्षमळे हे सहसा वेगवेगळे विषय मानले जातात. गंधरसायनाच्या अंगाने पाहिले तर ती एकाच ज्ञानशाखेची तीन ठिकाणे ठरतात.

१८७४ ते १९२२: अत्तराची प्रयोगशाळा

गंधरेणूंच्या आधुनिक रसायनशास्त्राची सुरुवात सुगंधी द्रव्यांच्या व्यापारातून झाली. फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हार्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये पाइन वृक्षातल्या कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन तयार केले. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला येणारा व्हॅनिलाचा गंध याच रेणूचा असतो. लाकडातल्या लिग्निनचे विघटन होऊन तो बनतो, आणि पिंप आतून भाजले की त्याचे प्रमाण वाढते. १८९३ मध्ये टीमान आणि पॉल क्रूगर यांनी सिट्रालपासून आयोनोन बनवले. सिट्राल हा गवती चहाच्या वर्गातल्या गवतांच्या तेलाचा मुख्य घटक. आयोनोनला व्हायोलेट फुलांचा वास येतो, आणि लाल वाइनमधल्या रासबेरीसारख्या गंधातही बीटा-आयोनोनचा वाटा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत्र्यावर्गीय फुलांच्या तेलात मिथाइल अँथ्रनिलेट सापडले. मोगऱ्यातही ते असते. १९२१ मध्ये पॉवर आणि चेस्नट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी हाच रेणू काँकॉर्ड द्राक्षाच्या रसात दाखवून दिला. काँकॉर्ड हे व्हिटिस लॅब्रुस्का या अमेरिकी प्रजातीच्या कुळातले. भारतात पिकणाऱ्या बेंगलोर ब्लू जातीचे नातेही त्याच प्रजातीशी आहे, म्हणून तिच्या गोड वाइनना युरोपीय वाइनमध्ये न आढळणारा उग्र, गोडसर दर्प येतो.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनीची स्थापना झाली. साबण, केशतेल, अगरबत्ती आणि खाद्यपदार्थ यांना लागणारी सुगंधी मिश्रणे हा तिचा व्यवसाय, आणि मुलुंडचा कारखाना ही तिची उपनगरातली ओळख. लिनॅलूल, जिरॅनिऑल, आयोनोन, व्हॅनिलिन ही नावे सुगंध उद्योगातल्या माणसांच्या रोजच्या वापरातली होती. वाइनच्या अभ्यासकांना त्यांची गरज पडायला आणखी काही दशके जायची होती.

१९५० ते १९६७: पुण्यातला नागरमोथा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाइनमधले गंधरेणू ओळखणे जवळजवळ अशक्य होते. एखाद्या संयुगाची रचना ठरवायची तर ते ग्रॅमच्या मापात शुद्ध करून हाती यावे लागे. फुलांच्या तेलात ते शक्य होते. वाइनमध्ये अशी संयुगे लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच असतात, तिथे ते शक्य नव्हते. १९५२ मध्ये ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी मांडली आणि चित्र पालटले. मिश्रणाची वाफ लांब, अरुंद नळीतून वाहू दिली की घटक आपापल्या वेगाने पुढे सरकतात आणि एकेक करून बाहेर पडतात. पुढे या यंत्राला वस्तुमान वर्णपटमापक जोडला गेला आणि बाहेर पडणाऱ्या घटकाची ओळखही पटू लागली. काही यंत्रांत नळीच्या टोकाला हुंगण्याची सोय केली गेली. यंत्राने दाखवलेल्या शेकडो घटकांपैकी वास नेमका कशाला आहे, हे तिथे बसलेला माणूस सांगू लागला.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. भारतीय वनस्पतींच्या सुगंधी तेलांचे रसायनशास्त्र हा तिथला एक प्रमुख विषय झाला. शशांक चंद्र भट्टाचार्य यांनी वाळ्याच्या तेलासारख्या द्रव्यांतल्या टर्पिनवर्गीय संयुगांवर काम केले. पुढे ते पवईच्या आयआयटीत प्राध्यापक होते. सुखदेव यांच्या गटाने सेस्क्विटर्पिन, म्हणजे पंधरा कार्बन अणूंच्या टर्पिनवर्गीय संयुगांच्या, रचना उलगडण्यात जागतिक नाव मिळवले.

याच गटाने नागरमोथ्याच्या तेलाचा अभ्यास केला. शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून उपटून टाकतो, त्याच्या जमिनीखालच्या सुगंधी गाठी म्हणजे नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात तो पडतो आणि अत्तराच्या धंद्यातही त्याला मागणी असते. १९६७ मध्ये कापडिया, नाईक, वाडिया आणि सुखदेव यांनी या तेलातल्या सेस्क्विटर्पिनांवरचा शोधनिबंध ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पंधरा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असलेल्या एका कीटोनची रचना होती. वनस्पतीच्या ‘सायपेरस रोटंडस’ या शास्त्रीय नावावरून त्याला रोटंडोन म्हटले गेले. मिऱ्याशी किंवा वाइनशी त्याचा काही संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

१९६९ ते १९८४: द्राक्षाच्या आत

वाइनच्या गंधाचा पद्धतशीर शोध या पंधरा वर्षांत आकाराला आला. १९६९ मध्ये अमेरिकेत बटरी आणि सहकाऱ्यांनी ढोबळी मिरचीच्या वासाचे मूळ एका मेथॉक्सिपायराझीनमध्ये शोधले. १९७५ मध्ये फ्रान्समध्ये बायोनोव्ह आणि सहकाऱ्यांना तेच संयुग काबर्ने सोव्हिन्यॉन द्राक्षात मिळाले. पाण्यात लिटरमागे सुमारे दोन नॅनोग्रॅम असले तरी नाकाला ते जाणवते. कच्च्या द्राक्षात ते भरपूर असते आणि फळ पिकत जाते तसे कमी होते. घडावर ऊन पडले तर घट अधिक होते. म्हणून वेलीची पाने किती विरळ करायची, हा प्रश्न वाइनच्या वासाशी थेट जोडलेला आहे.

१९७० मध्ये बल्गेरियन गुलाबाच्या तेलातून बीटा-डॅमासेनोन वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले. काही वर्षांतच ते द्राक्षात आणि वाइनमध्येही आढळले. फळातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांच्या विघटनातून ते बनते. वाइनमध्ये ते स्वतः क्वचितच ओळखू येते. इतर फळगंधांना उठाव देणे हे त्याचे काम.

१९७४ मध्ये कोर्दोनिए आणि बायोनोव्ह यांनी मस्कत द्राक्षाबाबत एक मूलभूत गोष्ट दाखवली. लिनॅलूल, जिरॅनिऑल, नेरॉल हे मस्कतचे फुलांसारखे वास देणारे टर्पिन सगळेच मोकळे नसतात. त्यांचा बराचसा साठा शर्करेला बांधलेला असतो, आणि बांधलेल्या अवस्थेत त्यांना वास नसतो. आम्लामुळे किंवा विकरांच्या क्रियेने हा बंध सुटला की गंध प्रकटतो. द्राक्ष खाताना न जाणवलेला सुवास वाइनमध्ये कुठून येतो, याचे एक उत्तर यातून मिळाले.

१९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील अ‍ॅन नोबल यांनी सहकाऱ्यांसह वाइनच्या वासाच्या वर्णनाला शिस्त लावणारे गंधचक्र मांडले. ‘छान’, ‘भारी’ अशा शेऱ्यांऐवजी प्रत्यक्ष संदर्भवस्तूचे नाव घ्यायचे, ही त्यातली मुख्य अट. सुगंध उद्योगात नाक घडवण्याची रीतही हीच आहे: कागदी पट्टीवर एकेक द्रव्य घेऊन हुंगायचे, नाव सांगायचे, लक्षात ठेवायचे.

१९८० ते २००१: नारायणगाव, नाशिक आणि बोर्दो

महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीची सुरुवात १९८० च्या दशकात नारायणगावला झाली. तिथे शॅम्पेन इंडेज या कंपनीने फ्रेंच तांत्रिक साहाय्याने बुडबुडेदार वाइन तयार केली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. नाशिकमध्ये सुला या वाइन कंपनीची २००० साली बाजारात आलेली पहिली वाइन सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जातींची होती. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले; नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले.

सोव्हिन्यॉन ब्लाँच्या पेरूसारख्या, पॅशनफ्रूटसारख्या वासाचे कोडे नुकतेच सुटले होते. बोर्दो विद्यापीठात तोमिनागा, दारिए आणि द्युबुर्दियू यांनी १९९० च्या दशकात दाखवले की हा वास गंधकयुक्त थायॉलांचा आहे. त्यांतले एक प्रमुख थायॉल १९९१ मध्ये पॅशनफ्रूटमध्येच आधी ओळखले गेले होते. द्राक्षात ही संयुगे सिस्टीनसारख्या अमिनो आम्लाला जोडलेली, गंधहीन असतात. किण्वनात यीस्ट त्यांना मोकळे करते.

महाराष्ट्रातल्या बागायतदाराला यातला एक धडा थेट लागू पडतो. केवड्याच्या रोगावर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारण्याची रीत इथे जुनी आहे. तांबे थायॉलांना घट्ट धरून ठेवते. घडावर उशिरापर्यंत तांब्याचा अंश राहिला तर सोव्हिन्यॉन ब्लाँचा वासच कमी होतो. वाइनच्या द्राक्षावर शेवटची फवारणी कधी करायची, हा निर्णय रोगनियंत्रणाइतकाच गंधाचाही असतो.

२००८: मिऱ्याचा वास

शिराझ वाइनला कधी कधी ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा वास येतो. त्याचे कारण दीर्घकाळ सापडत नव्हते, कारण संबंधित घटक इतका कमी होता की यंत्राच्या आलेखात तो इतरांच्या आड जाई. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी हुंगण्याच्या सोयीचे क्रोमॅटोग्राफ वापरले आणि द्राक्षांबरोबर प्रत्यक्ष मिऱ्यांचाही अभ्यास केला, कारण मिऱ्यांत हा घटक कित्येक हजारपट अधिक होता. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. मिऱ्याचा वास देणारा रेणू रोटंडोन होता, पुण्यात एकेचाळीस वर्षांपूर्वी नागरमोथ्यातून नोंदलेला.

त्याची तीव्रता असाधारण आहे. पाण्यात लिटरमागे ८ नॅनोग्रॅम आणि लाल वाइनमध्ये १६ नॅनोग्रॅम असले की तो जाणवतो. पवई तलावात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्याला मिऱ्याचा वास यायला साधारण ४४ ग्रॅम रोटंडोन पुरेल. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. चाचणीतल्या सुमारे २० टक्के माणसांना पाण्यातले रोटंडोन लिटरमागे ४,००० नॅनोग्रॅम असतानाही कळले नाही. एकच वाइन दोन जाणकारांना वेगळी का भासते, याचे एक कारण त्यांच्या नाकातल्या ग्राहींमध्येच असते.

नाशिकचा हंगाम आणि गंध

रोटंडोन द्राक्षाच्या सालीत तयार होते, आणि थंड हंगामात त्याचे प्रमाण वाढते. इथे नाशिकचे हवामान युरोपाहून मुळातच वेगळे पडते. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढते आणि शरदातल्या गारव्याकडे जाताना पिकते. महाराष्ट्रात एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपतानाची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. म्हणजे फळ डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतून फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हाकडे जाताना पिकते. उष्णतेने मॅलिक आम्ल झपाट्याने जळते, पायराझीन घटते, साखर वाढते. गंध आणि आम्ल दोन्ही हवे तसे असण्याचा अवधी फार थोडा राहतो.

म्हणूनच इथल्या वाइननिर्मितीत थंडावा ही पहिली गरज ठरते. रात्री किंवा पहाटे तोडणी केली की घड गार असतानाच कारखान्यात पोहोचतात आणि ऑक्सिडीकरण कमी होते. पांढऱ्या वाइनचे किण्वन स्टीलच्या टाक्यांत कमी तापमानावर केले जाते. शेनिन ब्लाँसारख्या वाइनमधला केळ्या-सफरचंदाचा गंध यीस्टने बनवलेल्या एस्टरांचा असतो. टाकी तापली तर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबर ते उडून जातात.

आज या ज्ञानाची साधने राज्यातच उपलब्ध आहेत. मांजरीच्या केंद्रात द्राक्षातल्या कीटकनाशकांचे अंश तपासण्यासाठी क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन रोजच्या वापरात आहे. गंधरेणू मोजण्याचे तंत्रही तेच. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधन व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो; तिथे घडणारे नाक लिनॅलूल, आयोनोन आणि व्हॅनिलिन वेगवेगळे ओळखायला शिकते. यंत्र प्रमाण सांगते आणि नाक महत्त्व सांगते. दोन्हींशिवाय वाइनच्या गंधाचा अभ्यास पुरा होत नाही. नाशिकच्या कोणत्या उतारावर, कोणत्या छाटणीने आणि कोणत्या आठवड्यातल्या तोडणीने कोणता रेणू किती उतरतो, याची वर्षानुवर्षांची नोंद ही या इतिहासाची पुढची पायरी आहे. ती मांडताना बागायतदार, विश्लेषक आणि सुगंधतज्ज्ञ यांनी एकत्र बसावे. रोटंडोनला तणातून पेल्यापर्यंत यायला लागलेली एकेचाळीस वर्षे हेच सांगतात की एका क्षेत्रातले ज्ञान दुसऱ्या क्षेत्राला माहीत असणे किती मोलाचे असते.