देशी बुद्धिबळाचे नियम व पोथ्यांचें वाचन

जुन्या बाडांत बुद्धिबळाच्या डावांचीं व कूटांचीं पानें अधूनमधून सांपडतात. हल्लींच्या नियमांनीं तीं पटावर मांडिलीं कीं मात साधत नाहीं, आणि मग 'पाठ अशुद्ध' असा शेरा मारून तीं बाजूस टाकिलीं जातात. दोष पाठाचा कीं वाचणाराच्या नियमांचा, हें आधीं पाहिलें पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे.

प्रथम नियमभेद घेऊं. देशी खेळांत सामान्यतः प्यादें पहिल्या चालीसही एकच घर पुढें जातें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं शह लागण्यापूर्वीं राजास एकवार घोड्याची उडी घेतां येते. शेवटच्या घरीं पोंचलेलें प्यादें मनास येईल तें मोहरें होत नाहीं. ज्या मोहऱ्याचें तें घर, तेंच होतें. अर्थात् घोड्याच्या घरीं गेलेल्या प्याद्याचा वजीर करून कूट सोडवूं जाणारा आरंभींच चुकला.

हा भेद केवळ कागदी नव्हे. पंजाबचे मीर सुलतानखान याच खेळांत वाढले. १९२८ सालीं अखिल भारतीय अजिंक्यपद मिळवून ते १९२९ त विलायतेस गेले व त्याच वर्षीं रॅम्सगेट येथें त्यांनीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकिलें. १९३२ व १९३३ सालींही तें त्यांच्याकडेच आलें. यूरोपीय रीतीच्या आरंभींच्या चाली त्यांस अपरिचित होत्या, परंतु डावाच्या मध्यांत व अखेरीस ते भारी पडत. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांच्या खेळांत सैन्यें उशिरां भिडतात, हें ध्यानांत घेतां याचें नवल वाटत नाहीं.

मोहऱ्यांच्या नांवांतही चकवा आहे. नवव्या शतकांतील रुद्रटाच्या 'काव्यालंकारां'त तुरगपद, रथपद व गजपद असे बंध आहेत. तेथें रथ व गज हीं दोन निराळीं मोहरीं होत. अकराव्या शतकांत अल्बेरूनीनें वर्णिलेला हत्ती एक घर समोर किंवा चार कोनांकडे एक घर जातो. जणूं एक सोंड व चार पाय. आपला हत्ती मात्र सरळ रेषेंत दूरवर धांवतो. शब्द एक, चाली दोन.

त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या 'विलासमणिमंजरी'चें इंग्रजी रूप १८१४ सालीं मुंबईस छापलें, तें यूरोपीय रीतीशीं जुळवून घेतलेलें होतें. अशा छापील प्रतीवरून पोथी दुरुस्त करणें म्हणजे पुराव्यावरच हरताळ फिरविणें होय. तरी संग्राहकांनीं प्याद्याचें बढतीचें घर, राजाची उडी व मोहऱ्यांचीं नांवें हीं तीन टिपून घ्यावीं. मगच पाठाच्या शुद्धाशुद्धतेचा निवाडा करावा, इतकीच आमची विनंति आहे.