पटावर हजर, फडावर मुक्काम

महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे राज्यव्यापी सर्वेक्षण झाले. हेतू चांगला होता. चुकला तो महिना. जुलैत बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांची मुले गावात असतात, पटावर असतात, बहुतेक वर्गातही असतात. त्यांना शाळाबाह्य म्हणणार कसे? दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि बिऱ्हाड कारखान्याच्या पट्ट्यात हलते. तिथे दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीत तान्ह्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, वाढ्याच्या मोळ्या बांधायला हात लावते. ती परतते तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो आणि दुसरे सत्र संपत आलेले असते. महिनाभर सलग गैरहजर असलेले मूलही आपल्याकडे शाळाबाह्य धरले जाते खरे, पण ही व्याख्या लागू व्हायलाच महिना जावा लागतो. तोवर मूल जिल्हा ओलांडून गेलेले असते.

कायद्यात उणीव आहे असे म्हणता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, मागे पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षण सांगितले, स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलाला जाईल तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा यासाठीचे शिक्षण हमी कार्ड आले ते याच विचारातून. पण फडापासून शाळा लांब असेल आणि धाकटे भावंड कोपीत असेल, तर कार्ड खिशातच राहते. कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मुलांसाठी भरणाऱ्या साखरशाळांनी ही अडचण ओळखली होती. मात्र टोळी दुसऱ्या फडावर गेली की वर्ग मोडायचा, आणि पुढे नियमित शाळेचा आग्रह वाढल्यावर त्या मागे पडल्या. म्हणून मला गावातले हंगामी वसतिगृह अधिक भरवशाचे वाटते. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, जेवणाची सोय होते आणि शाळा तीच राहते.

यावर आक्षेप दोन. पहिला असा की, मूळ दुखणे गरिबीचे आणि उचलीचे, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या रकमेचे आहे, वसतिगृह ही मलमपट्टी. मान्य, पण उचल फिटेपर्यंत आठ वर्षांचे मूल आठ वर्षांचेच राहत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: या वसतिगृहांत खोटी हजेरी लावून अनुदान लाटले जाते. त्यावर इलाज तपासणीचा आहे, मंजुरी आणि अनुदान लांबवण्याचा नाही. अनुदान उशिरा देऊन चोर सापडत नाही, उलट कुटुंब निघून गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहातच खोटी नावे भरायला जास्त वाव असतो. आणि कोण जाणार हे आधी कळत नाही, ही सबब तर टिकणारच नाही. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल वाटतो ती हंगामाच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच. म्हणजे कोणत्या वस्तीतून किती कोयते निघणार याची यादी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्या वहीत तयार असते. तीच यादी शाळा व्यवस्थापन समितीने त्याच वेळी घेतली, तर वसतिगृहाची मंजुरी दिवाळीपूर्वी व्हायला काहीच हरकत नाही.