बेतणे आणि शिवणे

वैशाखातील भर दुपारी पश्चिमेकडील खिडकीवर पडदा ओढून घेतला, की खोलीचे रूप क्षणात पालटते. डोळ्यांना खुपणारे ऊन मवाळ होते, बाहेरची वर्दळ दृष्टीआड होते आणि थकल्या जिवाला आपल्या घरात आल्याचा दिलासा मिळतो. एवढे सुख देणारी वस्तू म्हणजे काय, तर काही मीटर कापड, थोडा धागा आणि एका दांडीत ओवलेल्या कड्या! पण तो पडदा तेथे नेमका शोभून दिसावा म्हणून कोणीतरी किती हिशेब केला असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज त्या हिशेबाची ओळख करून घेऊ.

घराला वस्त्रे नेसवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. त्यातून येणारा वारा गार आणि सुगंधी होई. ओसरीवर बांबूच्या चिका सोडत. छावणीत कनाती उभ्या राहत, मंगलकार्यात डोक्यावर चांदवा ताणला जाई आणि बैठकीवर लोड-तक्क्यांना पांढरेशुभ्र अभ्रे चढत. गरिबाच्या घरात यांपैकी काही नसले, तरी गोधडी असेच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली ती गोधडी म्हणजे काटकसर आणि कला यांचा सुंदर मेळ होय. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. तेथे गुरांच्या बाजाराबरोबर घोंगड्यांचाही बाजार भरतो. थंडीपावसात अंगावर पांघरण्याचे वस्त्र जत्रेतून आणण्याची या भागातील चाल अशी पूर्वापार आहे.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन डोंगराळ तालुके. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके ठाण्यातच राहिले. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे माळशेजचा घाट आणि मध्ये भाताची खाचरे, असा हा मुलूख आहे. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेथील पाणी मुंबईकडे वाहू लागले. पुढे भातसाचे पाणीही त्याच वाटेने गेले. पाण्यामागोमाग माणसेही गेली. आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवर पहाटेच्या गाडीसाठी उभी राहिलेली गर्दी पाहिली, म्हणजे पोटासाठी माणसाला किती दूर जावे लागते ते कळते. भात कापून झाल्यावर गावात हाताला काम नाही आणि शहरात गेल्यावर दिवसाचे चार-पाच तास प्रवासातच जातात, अशी येथील अनेकांची अडचण आहे. म्हणूनच गावात राहून करता येईल अशा प्रत्येक धंद्याला या भागात फार मोल आहे. घरसजावटीच्या शिवणकामाची कार्यशाळा हा असाच एक धंदा आहे.

त्याला येथे अनुकूलताही बरीच आहे. यंत्रमागांचे भिवंडी शहर शेजारी आहे. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले उल्हासनगर फार दूर नाही. महामार्गाच्या आजूबाजूस आणि माळशेजच्या रस्त्यावर शेतघरे व विश्रामगृहे उभी राहिली आहेत. कल्याण-बदलापूरकडे नव्या इमारतींत नवी बिऱ्हाडे येत आहेत. या साऱ्यांना पडदे हवेत, अभ्रे हवेत, गाद्यांची आच्छादने हवीत. तयार पडदे दुकानात मिळतात हे खरे. परंतु प्रत्येक खिडकी निराळी असते. तयार पडदा सर्वांसाठी बेतलेला असतो, म्हणून तो कित्येकदा कोणालाच नीट बसत नाही. मापाबरहुकूम शिवून देणाऱ्या कारागिराला काम मिळते ते येथे.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे शिवणयंत्र. त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समधील तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली आपल्या यंत्राचे स्वामित्व मिळवले. परंतु हे यंत्र आपला घास हिरावून घेईल, या भीतीने १८३१ साली शिंप्यांच्या जमावाने त्याच्या कारखान्यातील यंत्रे मोडून टाकली. पुढे अमेरिकेत हाऊ याने १८४६ साली, दोन धाग्यांची घट्ट टीप घालणाऱ्या यंत्राचे स्वामित्व घेतले. त्याच्या सुईचे नेढे टोकाजवळ होते, आणि आजही यंत्राच्या सुईचे नेढे तेथेच असते. १८५१ साली सिंगर याने त्यात सुधारणा करून यंत्र घरोघरी नेले. यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते. कारण त्याच्या मुळाशी घरातील बाईचे कष्ट हलके करण्याची कळकळ आहे, असे त्यांना वाटे. ज्या यंत्राला एकेकाळी शिंपी भ्याले, त्याच यंत्रावर आज लाखो शिंपी पोट भरतात. खेड्यात वीज मध्येच जाते; म्हणून पायाने चालणारे यंत्र आजही अनेक जणी जपून ठेवतात.

परंतु यंत्र चालवता आले म्हणजे धंदा आला, असे मात्र नव्हे. शिवण्याच्या आधी बेतणे येते. मराठीत ‘बेत’ म्हणजे मनात योजलेली गोष्ट, आणि कापड मापाने कापण्यालाही आपण ‘बेतणे’च म्हणतो. या शब्दातच या कलेचे मर्म साठवलेले आहे. शिवण चुकली तर उसवता येते. कापलेले कापड मात्र पुन्हा जुळत नाही.

एक उदाहरण घेऊ. खिडकीची रुंदी ४८ इंच आहे. पडदा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच पुढे जावा, म्हणून दांडी ६० इंचांची घेतली. पडद्याला सुंदर चुण्या पडाव्यात, तर कापडाची रुंदी दांडीच्या दुपटीहून थोडी अधिक हवी. कापडाचा पन्हा ४८ इंचांचा असेल, तर तीन पाट लागतील. दोन बाजूंना दोन पडदे हवेत, म्हणून तिसरा पाट उभा मधोमध कापून त्याचा अर्धा भाग प्रत्येक पडद्याला जोडावा. असा एकेक पडदा ७२ इंच रुंद झाला. जोडाच्या शिवणीत एक इंच आणि दोन्ही कडांच्या दुमडीत चार इंच गेले, की ६७ इंच उरतात. दोन्ही मिळून १३४ इंच, म्हणजे दांडीच्या सव्वादोनपटीच्या जवळ. अर्धा पाट नेहमी भिंतीकडच्या बाजूस जोडावा, म्हणजे जोड चुणीत लपतो.

आता लांबी पाहू. तयार पडदा ६० इंच हवा. वरच्या कडक पट्टीसाठी चार इंच आणि खालच्या दुहेरी दुमडीसाठी सहा इंच धरले, की प्रत्येक पाट ७० इंचांचा कापावा लागतो. तीन पाटांना २१० इंच, म्हणजे सुमारे ५ मीटर ३३ सेंटिमीटर कापड लागेल. परंतु कापडावर मोठी फुले असतील आणि तीच नक्षी दर १६ इंचांनी पुन्हा येत असेल, तर हा हिशेब पुरत नाही. जोडावर अर्धे फूल एका पाटाचे आणि अर्धे दुसऱ्याचे जुळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पाट १६ च्या पटीत, म्हणजे ८० इंचांचा घ्यावा लागतो. एकूण २४० इंच होतात. कापड ७६ सेंटिमीटर अधिक लागते. ज्याला हे आधी उमगले नाही, त्याला तो खर्च स्वतःच्या खिशातून सोसावा लागतो. शाळेतील गणित आयुष्यात कोठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या मुलांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

मापाइतकेच कापडाच्या स्वभावाचे ज्ञानही आवश्यक आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. शंभरामागे तीनच भाग आटले, तरी ७० इंचांचा पाट दोन इंचांनी तोकडा होतो. म्हणून सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. मखमलीची लव एका दिशेने वळलेली असते. एक पाट उलटा लागला, तर दोन पाटांचे रंग निराळे भासतात. उन्हाने रंग विटतात आणि धागे कुजतात; पश्चिमेच्या खिडकीवर अस्तर हवेच. कोकणपट्टीच्या पावसात खिडक्या दिवसेंदिवस मिटलेल्या राहतात आणि जाड कापडाला बुरशी धरते; म्हणून येथे सहज काढता, धुता आणि वाळवता येतील असे पडदे बरे.

मी मुख्याध्यापक असताना घडलेली एक गोष्ट येथे सांगतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी रंगमंचाचा पडदा शिवायचा होता. आमचीच एक माजी विद्यार्थिनी गावात शिवणकामाची कार्यशाळा चालवीत असे. तिला मी मोठ्या उत्साहाने माप लिहून पाठवले. पडदा आला, टांगला गेला, आणि पाहतो तो जमिनीपासून चांगला चार बोटे वर! साऱ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. ती काही बोलली नाही. पिशवीतून पोलादी टेप काढून तिने रंगमंच मोजला. मग शाळेच्या कपाटातील माझा कापडी टेप मागवून त्याच्याशेजारी धरला. वर्षानुवर्षे ओढून ओढून माझा टेप साठ इंचांमागे जवळजवळ दीड इंच सैल झाला होता. चूक तिची नव्हती, माझी होती.

मी ओशाळलो आणि नव्या कापडाचे पैसे देऊ लागलो. ती म्हणाली, “सर, माप तुमचं होतं, पण ते तपासायचं काम माझं होतं.” तिने खालची दुमड उसवली. लांबी मिळाली, परंतु जुन्या टिपेची भोके दिव्याच्या उजेडात दिसू लागली. तेव्हा तिने ती रेघ झाकेल असा गडद तांबड्या कापडाचा रुंद काठ लावला. पडदा पूर्वीपेक्षा अधिक देखणा झाला. काठाच्या कापडाचे पैसे तिने घेतले. मजुरी मात्र काही केल्या घेतली नाही. त्या दिवसापासून ती कोणाचेही लिहून आलेले माप स्वीकारत नाही. स्वतः जाऊन, दोनदा मोजून, मगच कात्री हाती घेते. मी शाळेत तिला अनेक धडे शिकवले असतील. पण हा धडा तिने मला शिकवला.

तिचे एक मात्र मला पटले नाही. तिने मजुरी सोडायला नको होती. कष्टांचा हिशेब स्वतःच न ठेवणे, हा आपल्याकडील कारागिरांचा, विशेषतः स्त्रियांचा, मोठा दोष आहे. समजा, एका खिडकीच्या शिलाईचे तीन तास झाले आणि ३०० रुपये मिळाले. वाटते, तासाला १०० रुपये पडले. पण माप घ्यायला जाण्यायेण्यात दोन तास आणि पडदा लावून देण्यात दोन तास गेले, ते कोणी मोजायचे? सात तासांनी भागले, तर तासाला जेमतेम ४३ रुपये उरतात. त्यातून धागा, सुया, वीज, मोटारीचे भाडे आणि यंत्राची झीज वजा होते ती निराळीच. म्हणून कापड, साहित्य, प्रवास आणि मजुरी असे चार भाग वेगवेगळे मांडावेत, गिऱ्हाइकाला ते आधी लिहून द्यावेत आणि कापडापुरता इसार घेतल्यावाचून कात्री चालवू नये. असे केल्याने कोणाचा अपमान होत नाही. उलट दोन्ही पक्षांचा विश्वास वाढतो.

असे काम एकटीने करण्यापेक्षा चार जणींनी मिळून केले, तर अधिक सोपे जाते. एकीने मापे घ्यावीत, एकीने बेतावे, एकीने टीप घालावी, एकीने तुरपाई आणि इस्त्री करावी. उरलेल्या कातरणीतून उशांचे अभ्रे, पिशव्या आणि गोधड्या होतात. आजीची काटकसर येथेही कामी येते. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून स्त्रियांच्या उद्योगांना साहाय्य करीत आले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचाही समावेश आहे. साहाय्य मिळाले तर अवश्य घ्यावे. परंतु सरळ टीप, खरे माप आणि पाळलेला शब्द हेच या धंद्याचे खरे भांडवल होय.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणाच्या घरी नीट पडलेला पडदा दिसला, तर जवळ जाऊन त्याचा जोड शोधून पाहा. तो सहज सापडला नाही, तर समजा की कोणीतरी एका खेड्यात, पायमशीनवर वाकून, तुमच्या नजरेला जोड दिसू नये म्हणून फार काळजी घेतली आहे. आणि स्वतःच्या आयुष्यात एखादे काम हाती घ्याल, तेव्हा कात्री उचलण्यापूर्वी आपला टेप खरा आहे की नाही, ते आधी तपासून पाहा.